धोंड्याचा महिना

डॉक्टरांनी कागदावर हृदय काढलं, हापूससारखं,
वर दोन नळ्या.
सातेरी उद्यमबागेत तेलपंप जोडतो,
तो लगेच म्हणाला, म्हणजे इनलेट-आउटलेट उलटं बसलंय.
डॉक्टर म्हणाले, हो की, तसंच.
तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं, हे दुरुस्त होईल,
उलटं बसलेलं सातेरीने पुष्कळ सरळ केलंय.

अकराव्या दिवशी आत नेलं.
नऊ तास. त्यातले काही तास ते थांबवलेलं होतं.
मी बाकड्यावर, डाव्या हाताने माझंच उजवं मनगट धरून.
दुसऱ्या दिवशीचं बारसं राहिलं,
पिराजी हे नाव आम्ही काचेबाहेरून ठेवलं.
जांभळे ओठ गुलाबी झाले,
सगळे म्हणाले, सुटलीस बघ.

मेंदूचं कुणी बोललं नव्हतं.
ते नंतर, दीड वर्षाचा झाला तरी बसताना कलंडायचा, तेव्हा.
पोटात असल्यापासूनच म्हणे
डोक्याकडे जाणारं रक्त प्राणवायूला गरीब होतं.
दिवस पूर्ण भरले,
पण मेंदू जन्मला तो महिनाभर मागे.
घड्या कमी पडल्यात, डॉक्टरीणबाई म्हणाल्या,
आणि मी निऱ्या घालताना थांबते तशी थांबले,
पदर मोठा निघालाय, निऱ्यांना कापड उरलेलं नाही.

एक महिना.
मी तो शोधत राहिले.
शिनोळीच्या नाक्यावर सुटलेल्या बसमागे पळाले, तो?
गुरुवार कडक धरले, तो?
बाई म्हणाल्या, तुमच्यामुळे नाही.
हे लेटरहेडवर द्याल का, म्हणणार होते,
सासूबाईंना दाखवायला.

आता दर गुरुवारी शिवलीला मॅडम.
त्यांच्या फायलीवर त्याचं नाव कन्नडात आहे.
मी चंदगडची, मला वाचता येत नाही,
पण पंचवीस फायलींतून ती वेटोळी ओळखते.
ठोकळ्यावर ठोकळा ठेव, पुट्टा.
तीनपर्यंत जातो. चौथा हातातच राहतो,
तो त्याच्याकडे बघत बसतो,
जसा काही कुणी परक्याने दिलेला चहा, प्यावा की नाही.
गोष्टीच्या पुस्तकातलं पान उलटून दिलं की
मॅडम थांबतात, बोट वर धरतात, विचारतात, इन्नू?
तो तोंडाकडे बघतो. लाळ पुसायची. पुढचं पान.

अजून बोलत नाही? अनगोळात प्रत्येक उंबऱ्यावर.
अजून? माझी धाकटी नणंद, फोनवर.
अजून दोन्ही पायांनी उडी नाही?
पावणेतीन झाली ना त्याला.

यंदा अधिक आला.
कॅलेंडरसुद्धा मागे पडतं, मग गपगुमान
एक महिना आत सरकवतं, कुणी त्याला विचारत नाही.
हे मी मॅडमना सांगितलं, मोडक्या कन्नडात.
त्या हसल्या नाहीत.
म्हणाल्या, हा तसा भरून येत नाही एकदम,
रोज चिमूटभर भरायचा असतो.
आणि काही थोडा राहीलही.

फाउंड्रीत सुट्टी नव्हती, जावई जाऊ शकला नाही,
म्हणून भाऊ डबा घेऊन आला, तेहतीस अनारसे,
वर तुपाचं बोट उमटलेलं आईचं.
सातेरी आंघोळीवरून ओल्या केसांनी जमिनीवरच बसला.
पिराजीने एक घेतला. ठेवला.
त्यावर एक. त्यावर एक.
चौथा ठेवला.
(अनारसे चपटे असतात, मला माहीत आहे,
मॅडमच्या तक्त्यात हे धरणार नाहीत.)
पाचवा त्याच्या बोटांत मोडला, तो त्याने खाल्ला,
खसखस हनुवटीला.
मग डब्याकडे बघून, स्वच्छ,
इन्नू.

काय म्हणाला, भावाने विचारलं.
सातेरीने तोंडातला घास गिळला.
अजून, म्हणतोय.

डब्यात एकतीस होते.
मी झाकण शोधलं, आणि बाजूला ठेवून दिलं.